पंच्याहत्तर किलो

बाहुल्या,
तुला कुणी नाव ठेवलेलं नाही.
नारिंगी चामडी, आत वाळू,
हात असे की शिवता शिवता कुणी कंटाळलं असावं.
नोव्हेंबरात तुझ्यापाशी हरले मी.

तोवर जिने झाले होते,
अंगावर चौतीस किलो, कठड्याला हात न लावता;
पाइप ओढला, शिडी उभी केली,
भोंगा वाजेपर्यंत घण मारला,
आंधळ्या बोगद्यातून रांगत बाहेर आले,
आणि समोर तू.
तुझ्या खांद्याचे पट्टे धरण्याआधी
मी वाकून म्हणाले, "उचलते हं."

परीक्षक हसला नाही.
पुढे छत भोसकायचं होतं.
आकडी नीट हातात बसेपर्यंत
दहा मिनिटं वीस सेकंद संपले होते.

सवय रे.
नऊ वर्षं वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
तिथे न विचारता कुणाला हात लावायचा नसतो.
"मिस्टर स्कार, कुशीवर वळवते हं."
"मिसेस किव्हेला, पाय खाली सोडा, घाई नाही."
आणि ती माणसं, कितीही थकलेली असोत,
थोडी मदत करतात.
एखादा हात मानेभोवती येतो,
टाच जमिनीला रेटा देते,
काहीच जमलं नाही तर श्वास रोखून धरतात,
तेवढंच हलकं व्हावं म्हणून.

तू काही म्हणजे काही करत नाहीस.

मग हा अख्खा हिवाळा.
आमचं डुलूथ टेकडीच्या अंगावर कलंडून बसलेलं,
वर घरं, खाली गोठलेलं सरोवर,
मधे एकशे बेचाळीस पायऱ्या.
सकाळी पाळी सुटली की त्या चढायच्या,
पाठपिशवीत रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या थैल्या घालून.
एकदा थैली फाटली, मला कळलंच नाही.
दुसऱ्या दिवशी निम्म्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत.
पोस्टमन म्हणाला, देव भलं करो त्या माणसाचं.
मी धापा टाकत होते, काही बोलले नाही.

घरी ओला टॉवेल दांडीवर टाकून लोंबकळते.
आरो स्टुलावर बसून सेकंद मोजतो.
सात वर्षांचा आहे, माझ्या बाजूनं मोजतो:
सत्तावन्न, सत्तावन्न, सत्तावन्न…

आणि मिस्टर स्कार.
लोहखनिजाच्या बोटींवर उभा जन्म काढलेला माणूस,
वय एक्याण्णव, तक्त्यावर वजन एकाहत्तर.
म्हणाले, "माझ्यावर कर सराव. मी मेल्यासारखा पडतो."
नियमात बसत नाही, म्हटलं.
ते म्हणाले, नियम झोपलेत, पावणेतीन वाजलेत.
मी नाहीच म्हटलं.

फेब्रुवारीत एका रात्री चादर बदलताना
त्यांना कडेला घेत होते,
आणि त्यांनी अंग सोडून दिलं.
मान, हात, टाचा, सगळं.
माझ्या काळजात धस्स झालं,
पण हात थांबले नाहीत. काखेखाली गेले,
मनगटं एकमेकांत अडकली, कंबर खाली बसली,
आणि ते आले, सगळेच्या सगळे, एका दमात.
मग पाहिलं तर मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या.
लबाड म्हातारा हसू दाबत होता.

"विचारलं नाहीस," ते म्हणाले.
मी रागानं थरथरत उशी थोपटत राहिले.
"बरं झालं. धुरात मी 'हो' म्हणणार नाही."

तेव्हा बाहुल्या, गुरुवारी येते.
सकाळी साडेआठ, तिसरा क्रमांक.
पायांत तेच बूट, तळहातांना टॉवेलचे घट्टे,
आरोनं डबीत दिलेले दोन मनुके.
विचारणार नाही तुला.
वाकेन, पट्टे धरेन, मागे मागे जाईन,
पिंपाला वळसा घालून रेघेपार.

मनात मात्र म्हणेन. ते काही सुटायचं नाही.
तुला ऐकू आलं,
तर जरा टाच रेट.